लहानपणीच्या औषधाने काळवंडलेले दात : कॅप बसवण्याआधी

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात कुठे चूक असेल तर पुढचे उत्तर त्या बेताने वाचता येईल. आपले वय ३६ वर्षे आहे आणि सोलापूरजवळच्या एका गावात आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. कायमचे दात आले तेव्हाच ते पिवळट होते, पुढे करडे-तपकिरी होत गेले, आणि पुढच्या दातांवर आडवे पट्टे दिसतात. लहानपणी वारंवार ताप यायचा तेव्हा डॉक्टर कॅप्सूल फोडून मधातून चाटवायला सांगत, अशी आईची आठवण आहे. शहरातल्या एका दवाखान्यात एकाच बैठकीत लेझरने दात पांढरे करून देतो असे सांगितले, दुसऱ्या ठिकाणी वरचे दहा दात यंत्राने घासून लहान करून त्यांवर कॅप, म्हणजे टोपीसारखे आवरण, बसवण्याचा सल्ला मिळाला, आणि तीन महिन्यांनी, मे महिन्यात, धाकट्या भावाचे लग्न आहे. वर्गातल्या एका मुलीने "बाई, तुम्ही दात घासत नाही का?" असे विचारल्यापासून आपण हसताना तोंडावर पदर धरता, हेही आपण लिहिले आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हे दात अस्वच्छ नाहीत. या रंगाचा घासण्याशी काहीही संबंध नाही, आणि केवळ या रंगामुळे दात किडतात असेही नाही. दंतवैद्य म्हणून गेल्या २६ वर्षांत असे दात घेऊन माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचे दात इतरांपेक्षा स्वच्छच असतात. किंबहुना दिवसातून तीनतीनदा, कडक ब्रशने, राग काढल्यासारखे घासल्यामुळे हिरडीजवळ त्यांना खाचा पडलेल्या असतात. लिंबू आणि खायचा सोडा लावून पाहिल्याचे आपण लिहिले आहे. ते आजपासून बंद करावे. लिंबाच्या आम्लाने वरचे आवरण विरते, आणि ते जितके पातळ होईल तितका आतला रंग अधिक दिसू लागतो. कोळशाच्या पावडरीची गत तीच. ती दात पांढरे करत नाही, झिजवते.

दाताचे वरचे कठीण, अर्धपारदर्शक आवरण म्हणजे एनॅमल, आणि त्याच्या आत डेंटिन. आईच्या आठवणीतली ती कॅप्सूल बहुधा टेट्रासायक्लिन या जंतू मारणाऱ्या औषधाची असावी. हे औषध कॅल्शियमला घट्ट चिकटते. हिरडीच्या आत दात घडत असताना, म्हणजे त्यात कॅल्शियम साठत असताना, हे औषध रक्तात असेल तर ते कॅल्शियमला धरून दातात, मुख्यतः डेंटिनमध्ये, कायमचे जाऊन बसते. दात बाहेर येतो तेव्हा पिवळा असतो. मग उजेड लागून हळूहळू त्या औषधाचे रूप बदलते आणि पिवळ्याचा तपकिरी किंवा करडा होतो. म्हणूनच पुढचे दात काळवंडतात आणि गालाआडच्या दाढा पुष्कळदा पिवळ्याच राहतात. हे समजावणे मला सोलापुरात फार सोपे जाते. छापील कापडावरचा रंग धुऊन फिका होतो, पण आपल्या चादरीची नक्षी छापलेली नसते. आधी सूत रंगवतात आणि त्या रंगीत सुताने ती विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते. आपल्या दातांचा रंग बहुधा असा सुतातला आहे. वरून घासून त्याला काही होणार नाही, आणि ज्या उपायाने काही होईल त्याला वेळ द्यावा लागेल. औषध अधिक कडक वापरून तो वेळ फारसा वाचत नाही. आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले नेमके याच ठिकाणी घाई करतात.

आपली आई या दातांसाठी स्वतःला दोष देते, त्याविषयी दोन शब्द. टेट्रासायक्लिनच्या गटातले पहिले औषध १९४८ साली आले, मुलांच्या दातांवर त्याचे डाग पडतात हे १९५६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९६३ मध्ये गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्याबाबत इशारा दिला. तरीही स्वस्त, हाताशी असलेले आणि अनेक जंतूंवर चालणारे औषध म्हणून ते पुढे बरीच वर्षे दिले गेले. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन गेलेल्या बाईने डॉक्टरांनी दिले ते चाटवले, यात तिचे काय चुकले? ते मूल बरे झाले, हेही त्या हिशेबात धरावे.

आता मूळ मुद्दा. हे डाग टेट्रासायक्लिनचेच आहेत का, हे दात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि आपल्या पत्रात त्या दोन दवाखान्यांपैकी कोणी ही शहानिशा केल्याचा उल्लेख नाही. आपल्या भागात याच्याशी गल्लत होणाऱ्या तीन गोष्टी मी रोज पाहतो. पहिली मिसरी आणि तंबाखू : हा डाग वरचा असतो, दातांच्या आतल्या बाजूला आणि फटींत अधिक असतो, आणि दात साफ केले की निघतो. दुसरी फ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड किती असावे याची आपल्याकडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅम अशी आहे. त्याहून अधिक फ्लोराईड असलेल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, रेघा आणि पुढे तपकिरी डाग येतात, कधी दात खडबडीतही होतात. हा दोष वरच्या एनॅमलमध्ये असतो आणि त्याचे उपचार निराळे, पुष्कळदा अधिक सोपे असतात. म्हणून आपण पहिली सात-आठ वर्षे कोणत्या गावात काढली आणि तिथे पाणी कुठले होते, हे मी पहिल्या भेटीतच विचारतो. तिसरी गोष्ट एकट्या दाताची : एकच दात काळा पडला असेल तर तो बहुधा कधीकाळी पडल्यामुळे मार लागून आतून मेलेला असतो, आणि त्याचा विचार पूर्ण वेगळा.

टेट्रासायक्लिनचे पट्टे ओळखण्याची खूण अशी की ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्याच उंचीवर असतात. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचा दिसणारा भाग जन्मानंतर ३-४ महिन्यांनी घडू लागतो आणि ४-५ वर्षांपर्यंत टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. सुळ्याचे काम ६-७ वर्षांपर्यंत चालते. त्यामुळे एकाच आजारपणाचा पट्टा पटाशीच्या दातावर मध्यभागी असेल, तर सुळ्यावर तो टोकाच्या अंगाला सापडतो. एकदा एका बाईंच्या दातांवरचा असा पट्टा पाहून मी विचारले, की दोन-अडीच वर्षांच्या असताना काही मोठे दुखणे झाले होते का? सोबत आलेल्या त्यांच्या आई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गड्ड्याच्या जत्रेत गारठ्यानं न्यूमोनिया झाला होता. तुम्हाला कुणी सांगितलं?" सांगितले त्या पट्ट्याने. याखेरीज माझ्या खणात नोटा तपासायची एक लहानशी जांभळ्या उजेडाची बॅटरी असते. खोलीतला दिवा मालवून ती दाढांवर धरली की टेट्रासायक्लिन असलेला दात पुष्कळदा पिवळाधमक चमकतो. जुन्या, तपकिरी झालेल्या पुढच्या दातांवर ही चमक मंद असते किंवा नसतेही, म्हणून ती दाढांवर पाहावी.

हे डाग किती गहिरे आहेत, यावर पुढचे बरेचसे अवलंबून आहे. १९८४ मध्ये जॉर्डन आणि बॉक्समन या दंतवैद्यांनी केलेली चार पायऱ्यांची विभागणी आम्ही आजही वापरतो. सगळीकडे सारखा फिका पिवळा किंवा करडा रंग, पट्टे नाहीत, ही पहिली पायरी. तसाच पण अधिक गडद रंग, ही दुसरी. गडद करडा किंवा निळसर रंग आणि स्पष्ट पट्टे, ही तिसरी. आणि ब्लीचिंगला, म्हणजे रसायनाने दातांचा रंग फिका करण्याला, दाद न देणारा अतिशय गडद रंग, ही चौथी. आपल्या वर्णनावरून आपण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मध्ये असाव्यात असे वाटते, पण लिहिलेल्या वर्णनावर मी पैज लावणार नाही. शिवाय पिवळ्या-तपकिरी छटेला उपचार जितके लागू पडतात तितके करड्या-निळ्या छटेला पडत नाहीत.

लेझरच्या एका बैठकीविषयी मी थोडक्यातच लिहितो. त्यात ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दातांवर लावून त्यावर उजेड टाकतात. खुर्चीतून उठताना दात खरोखरच पांढरे दिसतात, कारण तासभर तोंड उघडे राहून ते कोरडे पडलेले असतात, आणि कोरडा दात नेहमीच पांढरा दिसतो. चार-आठ दिवसांत पाणी मुरले की त्यातला बराचसा पांढरेपणा ओसरतो. त्या उजेडाने टिकाऊ असा वेगळा फायदा होतो असे माझ्या अनुभवास आलेले नाही. चहा-तंबाखूने किंवा वयाने पिवळे झालेल्या दातांना अशी बैठक उपयोगी पडू शकते. आपल्या दातांना एका बैठकीने पुरेसा फरक पडणार नाही, आणि अनेक बैठका घेण्यापेक्षा सोपा मार्ग घरीच आहे.

कॅपच्या सल्ल्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. दवाखाना सुरू करून चारच वर्षे झाली होती. लग्न तीन आठवड्यांवर आलेला एक तरुण आला, दात गडद करडे. ब्लीचिंगला वेळ नाही म्हणून मी त्याचे वरचे सहा दात पुढच्या बाजूने साधारण अर्धा मिलिमीटर घासले आणि पोर्सिलेनचे व्हिनिअर, म्हणजे पुढून चिकटवायची पातळ चकती, बसवायचे ठरवले. घासता घासताच माझ्या लक्षात यायला हवे होते. टोकाकडे एनॅमल जाड असते, पण हिरडीजवळ ते फार पातळ असते. तिथे चक्री लागली की थोड्याच वेळात डेंटिन उघडे पडते, आणि रंग तर डेंटिनमध्येच असतो. मी जितका घासत गेलो तितका दात काळा होत गेला. व्हिनिअर बसवल्यावर दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली सगळे छान दिसले. दुपारी त्याला बाहेर फाटकाशी उभे करून पाहिले, तेव्हा पांढऱ्या सदऱ्याखालून काळा बनियन दिसावा तसा करडेपणा आरपार दिसत होता. त्यानंतर दीड वर्षात सहापैकी चार दातांना पूर्ण कॅप कराव्या लागल्या, आणि त्यांतल्या दोन दातांना रूट कॅनॉल. तो गृहस्थ आजही माझ्याकडेच येतो, हा त्याचा मोठेपणा.

त्यातून मी जे शिकलो ते असे. गडद दात झाकायचा तर चकती जाड हवी, जाड चकतीला जागा हवी, जागेसाठी दात अधिक घासावा लागतो, आणि अधिक घासला की खालचा दात आणखी गडद निघतो. यातून सुटण्यासाठी प्रयोगशाळेकडून चकतीला आतून अपारदर्शक थर लावून घेतला, तर दात भिंतीला चुना दिल्यासारखा निर्जीव दिसतो. शिवाय चिकटण्याची पकड एनॅमलवर जितकी पक्की असते तितकी डेंटिनवर नसते. पूर्ण कॅपसाठी तर दात चहूबाजूंनी घासावा लागतो. घासलेला दात परत वाढत नाही, आणि उत्तम काम केले तरी व्हिनिअर किंवा कॅप साधारण दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. ३६ व्या वर्षी दहा निरोगी दात घासले तर आयुष्यात हे काम आणखी दोन-तीनदा करावे लागेल आणि दर वेळी हातात उरलेला दात कमी असेल. यावरून कॅप नकोतच असे माझे म्हणणे नाही; मोठ्या भरण्या असलेले, किडलेले, तुटलेले दात असतील तर कॅप हाच योग्य उपाय असतो. आपण तसे काही लिहिलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी दातांचा आतला रंग शक्य तितका फिका करून घ्यावा, आणि मग काही झाकायचे उरलेच तर तेवढेच झाकावे. त्यासाठी रात्री दातांवर ट्रे, म्हणजे प्लास्टिकची पातळ खोळ, घालून करायचे घरगुती ब्लीचिंग मला सर्वांत भरवशाचे वाटते. ही पद्धत हेवुड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ मध्ये मांडली. तिच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल वापरतात. त्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. म्हणजे दवाखान्यातल्या बैठकीच्या मानाने एक दशांश ताकद. पण ते तासभर नव्हे, रात्रभर दातावर राहते. दोन तासांनी त्यातला निम्म्याहून अधिक अंश शिल्लक असतो आणि पहाटेपर्यंत थोडा तरी काम करत राहतो. ते एनॅमल खरवडत नाही. त्यातून सुटणारा ऑक्सिजन एनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत झिरपतो आणि रंगाचे मोठे कण फोडून लहान करतो.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो. पहिल्या भेटीत दात साफ करतात, कीड असेल तर ती भरतात, गळणाऱ्या जुन्या भरण्या बदलतात. मग दातांचे माप घेऊन त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर मऊ, पातळ प्लास्टिकचा ट्रे ओढतात. तो हिरडीच्या कडेशी नीट कापलेला असावा. बोट फिरवून पाहावे, कुठे टोचत असेल तर त्याच दिवशी परत द्यावा. रात्री जेवण झाल्यावर, दात घासून, ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे जेल घालावे. अधिक घातल्याने अधिक फरक पडत नाही. ते फक्त बाहेर येऊन हिरडीला पोळते. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेले जेल ओल्या बोटाने किंवा कापसाने पुसून टाकावे आणि झोपावे. सकाळी ट्रे गार पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो वाकडा होतो. सोलापूरकरांना एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, की जेलच्या सिरिंज फ्रिजच्या दारात ठेवाव्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि कपाटात किंवा गाडीत राहिलेले जेल नुसते पाण्यासारखे निरुपयोगी होते. एका रुग्णाने दीड महिना असे जेल निष्ठेने लावले आणि उपचार फसवे आहेत असा निष्कर्ष काढला.

सुरुवातीला मी फक्त वरच्या दातांचा ट्रे देतो. खालचे दात जसेच्या तसे राहिल्याने तुलना करता येते. नाहीतर रोज आरशात पाहणाऱ्याला बदल दिसतच नाही आणि दोन महिन्यांत धीर सुटतो. दर महिन्याला सकाळी अकराच्या सुमारास, खिडकीच्या उजेडात, रंगाच्या नमुन्याची पट्टी दातांशेजारी धरून मी फोटो काढतो. साध्या पिवळेपणाला दोन-चार आठवडे पुरतात. टेट्रासायक्लिनच्या दातांना दोन ते सहा महिने लागतात आणि काहींना वर्षही. पहिले दोन-तीन आठवडे बहुधा काहीच होत नाही. कधी तर पट्टे अधिक उठून दिसतात, कारण भोवतालचा भाग आधी फिका होतो. त्या टप्प्यावर घाबरून थांबू नये.

त्रास काय होतो, तर थंड पाणी झोंबते, कधी दातात अचानक सणक येते. ती तात्पुरती असते. अशा वेळी एक-दोन रात्री विश्रांती घ्यावी, किंवा पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची टूथपेस्ट त्याच ट्रेमध्ये घालून अर्धा तास ठेवावी. त्यानेही आराम पडत नसेल तर एक दिवसाआड जेल लावावे. हिरडी उतरलेली असेल आणि मुळे उघडी असतील तर हा त्रास अधिक होतो, आणि घासून पडलेल्या खाचा आधी भरून घ्याव्या लागतात. आपण गर्भवती असाल, बाळाला दूध पाजत असाल किंवा तसा विचार असेल, तर हा उपचार पुढे ढकलावा. तो तातडीचा नाही. या काळात तंबाखू, मिसरी पूर्ण बंद हवी. चहा, हळद, शेंगाचटणी यांचा धसका घेण्याचे कारण नाही. तोंडात आधीच्या भरण्या किंवा कॅप असतील तर त्यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

या उपचाराची एक मर्यादा आधीच कबूल करतो. दाताचा हिरडीलगतचा तिसरा हिस्सा सर्वांत हट्टी असतो, आणि पुष्कळदा तिथे एक करडी किनार शिल्लक राहतेच. पण ती दिसते का, हे पाहावे. आपण आरशासमोर उभ्या राहून, पदर बाजूला ठेवून, खरेखुरे हसून पाहावे : वरचा ओठ किती वर जातो? ज्यांचा ओठ हसताना दातांच्या मध्यापर्यंतच चढतो त्यांची ती किनार जगात फक्त त्यांच्या दंतवैद्याला दिसते. माझ्याकडच्या एका शिक्षिकेने पाच महिन्यांनंतर इथेच थांबायचे ठरवले. नमुन्याच्या पट्टीवरच्या सर्वांत गडद करड्या छटेपासून त्या मध्यम पिवळसर छटेपर्यंत आल्या होत्या, पट्टे जवळ गेल्याशिवाय कळत नव्हते. दात जाहिरातीतल्यासारखे पांढरे नव्हते. माणसाच्या दातांसारखे होते. ओठ वर चढणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे असते.

त्यांच्यासाठी, किंवा पट्टे उरलेच तर, व्हिनिअरचा विचार त्यानंतर. खालचा दात फिका झाल्यामुळे आता चकती पातळ चालते, घासणे एनॅमलपुरते राहते, आणि दहाऐवजी कदाचित चार किंवा सहा दात पुरतात. ब्लीचिंग थांबवल्यावर दोन आठवडे थांबूनच चिकटवण्याचे काम करावे. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटवण्याच्या रसायनाला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि रंगही तेवढ्या काळात स्थिरावतो. कॉम्पोझिट, म्हणजे भरणीच्याच साहित्याचा थर, हा स्वस्त पर्याय आहे. तो एका भेटीत होतो, दात फारसा घासावा लागत नाही, तुटला तर दुरुस्त होतो. पण काही वर्षांत चहाने पिवळा पडतो आणि पुन्हा चकचकीत करावा लागतो. कोणताही मार्ग निवडला तरी दाताला हात लावण्याआधी तात्पुरत्या साहित्याने नुसता वरून थर देऊन आरशात दाखवण्याचा आग्रह धरावा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यानंतर निर्णय बदललेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. खर्चाचा आकडा दात न पाहता सांगणे बरोबर नाही. इतके नक्की, की ट्रे आणि सहा महिन्यांचे जेल मिळूनही दहा कॅपच्या जवळपास जात नाही.

लग्नापुरते म्हणाल, तर आत्ता सुरुवात केली तर मेपर्यंत काही फरक दिसेल, पूर्ण होणार नाही. लग्नासाठी म्हणून मधल्या दोन दातांवर कॉम्पोझिटचा थर देऊन घ्यावा असे कोणी सुचवेल. मी ते करणार नाही, कारण पुढे ब्लीचिंग चालू ठेवले की बाकीचे दात फिके होत जातील आणि ते दोन थर मात्र मेमधल्याच रंगाचे राहतील. भावाच्या लग्नाच्या फोटोंत दात अर्धवट फिके दिसले तर चालेल; तारखेच्या घाईने घासलेले दात मात्र पुढची तीस वर्षे सांभाळावे लागतात.

आपल्या पाच वर्षांच्या मुलीला हे होईल का, असेही आपण विचारले आहे. हे आनुवंशिक नाही, त्यामुळे आपल्यामुळे तिला होणार नाही. एक गैरसमज मात्र दूर करतो. याच गटातले डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला तुलनेने कमी चिकटते, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार ते २१ दिवसांपर्यंत कोणत्याही वयात देता येते. स्क्रब टायफससारख्या तापात ते जीव वाचवते. बालरोगतज्ज्ञांनी विचार करून ते लिहून दिले, तर आपल्या दातांकडे पाहून नकार देऊ नये.

शेवटी ट्रेविषयी. अशा दातांचा रंग काही वर्षांनी थोडा परततो, आणि तेव्हा पुन्हा महिनोनमहिने नव्हे, काही रात्री जेल लावले की बहुधा भागते. मात्र त्यासाठी तोच ट्रे हवा. दवाखान्यातून तो प्लास्टरचा साचाही मागून घ्यावा, कापडात गुंडाळून डब्यात घालावा आणि डब्यावर आपले नाव व तारीख लिहावी. ट्रे फाटला तर त्याच साच्यावर नवा काही मिनिटांत ओढता येतो. घर आवरताना "हे कसले दात" म्हणून साचा टाकून दिल्यामुळे पुन्हा माप द्यायला येणारे माझ्याकडे वर्षातून चार-पाच तरी असतात.